टीव्ही भिंतीवर लावताय? आधी भिंत ओळखा, मग या चुका टाळा

गेल्या दिवाळीत माझ्या मेव्हण्याने ५५ इंची टीव्ही घेतला. बसवायला आलेल्या माणसाने पंधरा मिनिटांत चार भोकं पाडली, खोक्यातल्या गिट्ट्या (स्क्रू धरून ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) ठोकल्या, टीव्ही अडकवला आणि चहा पिऊन गेला. संक्रांतीपर्यंत स्टँडची वरची कड भिंतीपासून बोटभर सुटली होती. टीव्ही उतरवून पाहिलं, तर वरच्या दोन्ही गिट्ट्या नुसत्या हाताने बाहेर आल्या, मागोमाग पांढरी भुकटी. स्टँड चांगला होता, स्क्रूही चांगले होते. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची होती आणि गिट्टी विटेच्या भिंतीसाठीची.

टीव्ही किती इंची, हा प्रश्न म्हणूनच माझ्या लेखी दुसरा. पहिला प्रश्न, भिंत कशाची आहे?

बिल्डिंगमध्ये कुणाला विचारलंत तर ‘पक्की आहे हो’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि खाली कागद धरा. पहिला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर राखाडी प्लास्टर निघणार, त्यावरून काही ठरवू नका. पुढे तांबडी भुकटी आली तर भाजलेली वीट. पिठासारखी पांढरट भुकटी येत असेल आणि ड्रिल दाबावंच लागत नसेल, तर सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक. राखाडीच भुकटी येत राहिली आणि ड्रिल नुसतं ओरडतंय, आत जात नाही, तर काँक्रीट. मायवन पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभारलेल्या नव्या टॉवरांत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. कोकणात आणि गोव्यात जांभा असेल तर भुकटी तांबडीच, पण खरबरीत, आणि मध्येच ड्रिल एखाद्या पोकळीत धसकन आत जातं.

विटेच्या भिंतीत काम सोपं, तरी दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे भोक नेमकं दोन विटांच्या सांध्यात पडतं. तिथली भुकटी तांबडी नसते, तेवढ्यावरून कळतं, जागा बदला. दुसरी चूक म्हणजे आखूड गिट्टी, जी निम्मी प्लास्टरमध्येच राहते. प्लास्टर वजन धरत नाही. गिट्टी पूर्णपणे विटेत गेली पाहिजे. १० मिलिमीटरच्या गिट्टीला १० चंच बिट वापरा, ‘सहज जावी म्हणून’ १२ चं नको. भोक गिट्टीपेक्षा सेंटीमीटरभर खोल ठेवा (बिटवर चिकटपट्टी गुंडाळली की खोली कळते) आणि आतली भुकटी ब्रशने किंवा छोट्या पंपाने काढून टाका. तोंडाने फुंकलंत तर ती डोळ्यांत जाते, हे स्वानुभवाने सांगतो.

सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. ठोके बसले की भोक आतून मोठं होतं आणि गिट्टीला पकड उरत नाही. ‘मग मोठा लोखंडी फास्टनर ठोकू’ हा उपाय तर आणखी वाईट, कारण तो फुलताना ब्लॉकलाच आतून भरडतो. एएसी ब्लॉकसाठी वेगळ्या लांब नायलॉन गिट्ट्या मिळतात, त्या घ्या. टीव्ही जड असेल तर केमिकल अँकर करा, म्हणजे भोकात ट्यूबमधलं चिकट रसायन भरून त्यात बोल्ट पक्का करायचा. ट्यूबवर सुकायची वेळ लिहिलेली असते, तेवढा धीर मात्र धरायचा. जांभ्यातल्या पोकळ्यांनाही हाच उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

काँक्रीटला घरगुती छोटं ड्रिल पुरत नाही, हॅमर ड्रिल भाड्याने आणा. बिट अचानक थांबलं आणि लोखंडाचा चकचकीत चुरा दिसला, तर सळई लागली. तिच्याशी झटू नका, भोक थोडं सरकवा.

सुताराने केलेल्या टीव्ही युनिटच्या पॅनेलवर स्क्रू मारणं ही तर नेहमीचीच चूक. प्लायच्या मागे बहुधा पोकळी असते. स्क्रू पॅनेलमधून आरपार मूळ भिंतीत गेला पाहिजे आणि मधल्या पोकळीत लाकडाची पॅकिंग हवी, नाहीतर आवळताना पॅनेल आत दबतं.

आता स्टँड. ‘४३ ते ६५ इंचांसाठी’ असं खोक्यावर छापलेलं वाचून घेऊ नका. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मोजा. ते २०० बाय २०० किंवा ४०० बाय ३०० मिलिमीटर असं काहीतरी निघेल. त्यालाच व्हेसा म्हणतात. स्टँड त्या मापाचा आणि टीव्हीच्या वजनाला पुरून उरेल असा हवा. पाठीमागचे स्क्रू टीव्हीच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडी-लांबीचेच लावा. जास्त लांब स्क्रू जोर लावून आवळला तर आतल्या भागांना लागू शकतो.

पुढे ओढता येणारा हाताचा स्टँड घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. थोडा हिशेब करू. टीव्ही १५ किलोचा, भिंतीपासून ४० सेंटीमीटर पुढे ओढला आणि स्टँडच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत २० सेंटीमीटर अंतर, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटणारा ओढा साधारण ३० किलोचा होतो. तोच टीव्ही ७ सेंटीमीटरवर घडी केला की पाच-सव्वापाच किलो. मेव्हण्याचा स्टँड असाच हाताचा होता आणि पोरं तो दिवसातून दहादा ओढत होती. स्वयंपाकघरातून मालिका बघायची नसेल तर साधा किंवा किंचित झुकणारा स्टँड पुरतो.

उंचीबद्दल थोडक्यात: सोफ्यावर बसून डोळ्यांची उंची मोजा, ती साधारण १०० ते ११० सेंटीमीटर भरते, टीव्हीचा मध्य तिथे आणा. पाठीवरची भोकं बरोबर मध्यावर असतातच असं नाही, ते अंतरही मोजून मगच भिंतीवर खूण करा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवू नका, आतून वायर गेलेली असते. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या पाइपांची चौकशी आधी करा. भोकं पाडताना मेन स्विच बंद करून ड्रिलसाठी घराबाहेरून वायर आणता आली तर उत्तम.

आधीच बसवलेल्या टीव्हीचा एखादा स्क्रू नुसताच गरगर फिरतोय? काडेपेटीच्या काड्या किंवा एम-सील कोंबून तो घट्ट करायला जाऊ नका; थोडे दिवस बरं वाटतं, इतकंच. दोघांनी मिळून टीव्ही उतरवा, जुनी जागा सोडून पाच-सात सेंटीमीटरवर नवं भोक घ्या, नाहीतर तेच भोक केमिकलने भरून घ्या. टीव्ही फक्त तिरका दिसत असेल तर घाबरू नका, बऱ्याच स्टँडना लांबट खाचा असतात. स्क्रू किंचित सैल करून लेव्हल लावा आणि पुन्हा आवळा.

बसवून झाल्यावर स्टँडच्या वरच्या कडेलगत भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा आणि महिनाभराने बघा. स्टँड रेघेखाली उतरला असेल, किंवा वरच्या कडेमागे आधी न जाणारा खेळातला पत्ता आता शिरत असेल, तर टीव्ही त्याच दिवशी खाली काढा.