उन्हाळ्यात भरलेली ट्रॉली ओढताना आणि उभी करताना

ट्रॅक्टरला तापमानाचा काटा असतो, ट्रॉलीला काहीच नसतं. चाकाच्या मधोमध असलेल्या हबमधलं बेअरिंग जळत आलं, टायर भाजून निघाला किंवा कडब्याने आतून धग धरली, तरी पुढे बसलेल्या ड्रायव्हरला ते कळत नाही. कळतं ते आवाज झाल्यावर, नाहीतर मागून येणाऱ्याने हात दाखवल्यावर. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या आसपास असतो आणि नेमक्या याच दिवसांत कडबा, शेणखत, विटा, मुरूम आणि पाण्याच्या टाक्या रस्त्यावर असतात. म्हणून या दिवसांत ट्रॉलीचा काटा म्हणजे ड्रायव्हरचा हात. खाली उतरून तो लावावा लागतो.

सुरुवात टायरपासून.

हवा सकाळी, ऊन चढण्याआधी आणि ट्रॉली हलवण्याआधी तपासा. किती भरायची हे टायरच्या बाजूवर कोरलेलं असतं. त्या टायरला जास्तीत जास्त किती वजन आणि किती हवा चालते, ते दोन्ही आकडे तिथे सापडतात. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका, स्वतःचं गेज ठेवा. सकाळी २५ अंशांना ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेल्या टायरमधली हवा दुपारी चालून ६५ अंशांवर गेली की तेच गेज ७० च्या आसपास दाखवतं. हे पाहून अनेकजण घाबरून हवा सोडतात, आणि खरी चूक तिथे होते. तापल्यावर वाढणारा दाब टायर बनवतानाच धरलेला असतो. दुपारी दहा पीएसआय काढले तर संध्याकाळी टायर थंड झाल्यावर तो ५० वर येतो आणि दुसऱ्या दिवशी भरलेली ट्रॉली कमी हवेवर निघते.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा या कमी हवेमुळे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दुमडते आणि सरळ होते. या सततच्या दुमडण्याने रबर आतून तापतं, आतले दोऱ्याचे थर एकमेकांपासून सुटतात आणि बाजूला फुगा येतो. वरून ४३ अंशांचं ऊन आणि खालून त्याहून कितीतरी जास्त तापलेला डांबरी रस्ता, त्यामुळे ती उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. वजन आणि वेग या दोन्हींनी ती वाढते. भरलेली ट्रॉली दुपारी ताशी २० ते २५ किलोमीटरच्या पुढे नेऊ नका, ट्रॅक्टर कितीही पळत असला तरी.

ट्रॉलीला सहसा ट्रकवरून उतरलेले किंवा रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नव्या नक्षीची पट्टी चढवलेले, टायर बसवलेले असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या टायरच्या बाजूला बारीक भेगा पडतात; नख घातल्यावर भेग उघडत असेल तर तो टायर मे महिन्यात भरल्या ट्रॉलीखाली नको. रिमोल्डची पट्टी उन्हाळ्यातच निघते. तिचा सांधा कडेला सुटायला लागला आहे का, ते बोट फिरवून पाहा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला, कमी उंचीचा टायर असेल तर वजन झिजलेल्या बाजूला कलतं आणि तीच बाजू जास्त तापते.

आता हब. ट्रॉलीतला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ट्रॉली आणल्यापासून ज्याचं झाकण एकदाही उघडलेलं नाही असे हब कितीतरी असतील. दरवर्षी ऊस हंगाम संपला की हब उघडा, जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने पूर्ण धुऊन काढा, बेअरिंग सुकवा आणि रोलरच्या फटींत तळहाताने दाबून नवं ग्रीस भरा. ग्रीस लिथियमचं घ्या, दुकानात एपी-३ म्हणून मिळतं ते. स्वस्त चॅसिस ग्रीस बहुधा कॅल्शियमचं असतं आणि साधारण १०० अंशांना पातळ होऊन वाहून जातं. लिथियमचं १८० च्या आसपासपर्यंत टिकतं. हब ठासून भरू नका, जास्त ग्रीस घुसळून स्वतःच तापतं. एक्सलचा नट चाक फिरवत फिरवत आवळा. चाक जड लागलं की पाव फेरा मागे घ्या आणि नवी स्प्लिट पिन घाला. जुनी पिन सरळ करून परत घालणं म्हणजे चाक निखळण्याची तयारी. शेवटी चाक वर-खाली धरून हलवा: अगदी किंचित खेळ हवा, खडखड नको.

निघाल्यावर ८-१० किलोमीटरवर पहिल्यांदा थांबा आणि पुढे दर तासाला. प्रत्येक हबजवळ आधी हाताची मागची बाजू न्या आणि मग टेकवा. डावा-उजवा सारखाच कोमट असेल तर ठीक. एक कोमट आणि दुसऱ्यावर तीन सेकंदही हात ठेवता येत नसेल, तर तो हब जात आहे. रिमवर ग्रीस उडालेलं दिसेल, जळका वासही येईल. ट्रॉली तिथेच उभी करा आणि त्यावर पाणी ओतू नका. तापलेल्या हबमधली हवा एकदम आक्रसते, सीलमधून पाणी आत खेचलं जातं आणि बेअरिंग गंजतं. निवायला अर्धा तास नुसतं थांबणं पुरतं. तापलेल्या टायरचंही तसंच.

इंजिनाबद्दल बहुतेकांना माहीत असतं, तरी दोन गोष्टी राहून जातात. रेडिएटरच्या पुढची जाळी कडब्याच्या भुश्श्याने दिवसातून दोनदा बुजते. हवा पंख्याच्या बाजूने पुढे मारा, पुढून मारली तर कचरा पातींत आणखी घट्ट बसतो. दुसरं, आपल्या भागातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. ते जड असतं, त्याचा खवला आतल्या नळ्यांत बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात काटा विनाकारण वर जातो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, प्रमाण मॅन्युअलमध्ये आहे तेच. काटा लाल पट्टीत गेला तर लगेच इंजिन बंद न करता बाजूला घेऊन न्यूट्रलवर तीन-चार मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहतं. मात्र पंख्याचा पट्टा तुटला असेल किंवा पाणी बाहेर येऊन वाफ निघत असेल तर लगेच बंद. झाकण अर्धा तास उघडायचं नाही. डिझेलची टाकीही काठोकाठ भरून उन्हात लावू नका: ५० लिटर डिझेल २५ अंशांनी तापलं तर जवळपास एक लिटरने वाढतं.

कडबा

मंगळवेढ्याच्या मालदांडीचा कडबा सोलापूरकडे यायला लागला की रस्त्यावर सगळ्यात धोक्याची ट्रॉली ही. वाळलेल्या पेंढ्यांना एक ठिणगी पुरते आणि आग लागण्याचे मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग ट्रॅक्टरचा सायलेन्सर. त्याच्यावर ठिणगीरोधक जाळी बसवा, आणि पुढच्या पेंढ्या ट्रॉलीच्या पुढच्या फाळक्याबाहेर येऊ देऊ नका. ट्रॉलीच्या दिव्यांची, इंडिकेटरची वायर कुठे सोललेली असेल तर कडबा भरण्याआधी टेप लावा.

दुसरा मार्ग वरच्या तारा. उन्हात तार तापून लांबते आणि दोन खांबांच्या मध्ये आणखी खाली लोंबते. शेतातल्या ११ केव्हीपर्यंतच्या (११ हजार व्होल्ट) उघड्या तारा जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे साधारण १५ फूट उंच असाव्यात असा नियम आहे. वाकलेल्या खांबांवर तो पाळला जाईलच असं नाही. भरलेल्या ट्रॉलीची उंची जमिनीपासून बांबूने मोजा आणि १२ फुटांच्या आत ठेवा. वर माणूस बसवून काठीने तार उचलून धरण्याची पद्धत कायमची बंद करा, यात माणसं मरतात. तार खाली आली असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा आणि दुसऱ्या वाटेने जा. तार ट्रॉलीला लागलीच तर ड्रायव्हरने खाली उतरायचं नाही, वीज बंद होईपर्यंत सीटवरच बसायचं. आग लागल्यामुळे उतरणं भाग पडलं तर दोन्ही पाय जोडून उडी मारा, एकाच वेळी ट्रॅक्टर आणि जमीन दोन्हींना स्पर्श होऊ देऊ नका आणि पाय जोडूनच छोट्या उड्या मारत लांब जा.

तिसरा मार्ग आतला. वळवाच्या पावसात भिजलेला कडबा ताडपत्रीखाली दाबून ठेवला की तो कुजायला लागतो आणि मधोमध तापतो. कोपरापर्यंत हात पेंढ्यांत घाला. आत वाफ लागली किंवा आंबट वास आला तर भरू नका; भरला असेल तर उतरवून पसरा. भिजलेल्या कडब्याची ट्रॉली रात्रभर गोठ्याजवळ उभी करणं टाळाच.

आग दिसलीच तर पहिलं मिनिट महत्त्वाचं. पळवत नेल्याने वारा लागून आग भडकते. गावाबाहेर, मोकळ्या जागी थांबा, ज्वाळा पुढच्या बाजूला पोचल्या नसतील तर पिन काढून ट्रॅक्टर दूर घ्या, आणि १०१ किंवा ११२ लावा. ज्वाळा हुकपर्यंत आल्या असतील तर ट्रॅक्टर सोडून द्या.

उतार आणि टाकी

तुळजापूरचा घाट भरल्या ट्रॉलीने उतरताना बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात हे लक्षात ठेवा. मागचं सगळं वजन ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकवर येतं. सतत पाय दाबून ठेवला की ब्रेक तापून पकड सोडतात आणि उन्हाळ्यात हे लवकर होतं. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या, ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा, क्लच दाबू नका, न्यूट्रल तर नाहीच. डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल कडीने जोडलेले आहेत ना, ते वर असतानाच पाहा. पाण्याची टाकी असेल तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न्या. पाच हजार लिटरची अर्धवट टाकी म्हणजे अडीच टन पाणी, जे वळणावर एका बाजूला आणि ब्रेक मारला की पुढे धावतं. टाकीच्या आत आडवे पडदे नसतील तर हा धोका दुप्पट समजा.

उभी करताना

डांबर उन्हात मऊ होतं. रस्त्याला वापरतात त्या व्हीजी-३० डांबराचा मऊ पडण्याचा किमान बिंदू ४७ अंश आहे, आणि मे महिन्याच्या दुपारी रस्ता सहज त्याच्या पुढे जातो. खडीमुळे रस्ता वाहत नाही, पण जॅकचं किंवा ट्रॉलीच्या पायाचं सगळं वजन चार बोटांच्या जागेवर आलं की ते रुततं आणि जॅक कलतो. किमान फूटभर लांब-रुंद आणि दोन इंच जाड फळी कायम ट्रॉलीत ठेवा. चाक बदलताना एक्सलखाली लाकडी ठोकळेही लावा, नुसत्या जॅकवर हात आत घालू नका. दोन चाकी ट्रॉली भरलेली असताना सोडवायची असेल तर आधी ट्रॉलीचा पाय टेकवा, वजन पुढे आहे की मागे हे ओळखा आणि मगच पिन काढा. माल मागे असेल तर दांडी एकदम वर उसळते. पिन आणि दांडी दुपारी चटका देतात, त्यामुळे घाईत हात सुटतो. जाड कापड किंवा हातमोजे वापरा.

डंपिंग ट्रॉलीचा हौदा वर करून ठेवलेला असताना उन्हात तेल पातळ होतं, जुन्या सीलमधून झिरपतं आणि हौदा हळूहळू खाली बसतो. होजपाइपचं रबर भेगाळलेलं असेल तर एकदम बसतो. खाली काम करायचं असेल तर हौद्याला लोखंडी टेकू द्या.

सावली बघून उभी करायची तर उन्हाचा हिशोब करा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि झाडाची सावली बुंध्याभोवतीच राहते. त्यानंतर ती पूर्वेकडे सरकते. चार तास थांबायचं असेल तर झाडाच्या किंवा भिंतीच्या पूर्वेला उभी करा. तारेखाली नको, वाळल्या गवतावर नको. हंगाम संपल्यावर ट्रॉली महिनोन् महिने लावायची असेल तर एक्सलखाली ठोकळे देऊन टायर जमिनीपासून उचला आणि त्यांवर पोती टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुपारी माळावर दुसरी सावली नसते, त्यामुळे मजूर आणि त्यांची पोरं ट्रॉलीखाली आडवी होतात. ट्रॅक्टर सुरू करणाऱ्याला ती दिसत नाहीत. ट्रॉली उभी केली की चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून दगड लावा, किल्ली काढून खिशात ठेवा. निघताना आधी ट्रॉलीभोवती पूर्ण चक्कर मारा, वाकून खाली बघा, दगड स्वतःच्या हाताने काढा आणि मगच सीटवर बसा. दगड दुसऱ्याने काढला असेल तरी चक्कर मारायची. थांबा लांबणार असेल तर ट्रॉलीत एक ताडपत्री आणि चार बांबू ठेवून बाजूला सावली करून द्या, म्हणजे कुणी खाली जाणारच नाही.

ड्रायव्हरने शक्यतो पहाटे निघावं आणि बारा ते चार चाक थांबवावं. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरचं मिश्रण सोबत असावं. चमचा चहाचा छोटाच घ्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. सावलीत आडवं करा, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.