'प्रेषितांची कृत्ये' इतिहास म्हणून कसं वाचायचं

'प्रेषितांची कृत्ये' म्हणजे बायबलच्या नव्या करारातलं, येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची हकिकत सांगणारं पुस्तक. ते हातात घेण्याआधी लूकच्या शुभवर्तमानाची, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राची, पहिली चार वचनं वाचा, दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची आणि दोन्ही थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून आहेत. तिथे तो सांगतो की आधी बऱ्याच जणांनी लिहिलंय, माहिती डोळ्यांनी बघणाऱ्यांकडून आलीय, मी सगळं तपासून क्रमाने लिहितोय. ग्रीक इतिहासकार सुरुवात अशीच करायचे, म्हणजे आपण कुठल्या पंगतीत बसलोय हे लेखक इथेच सांगून टाकतो.

मग भाषणं वेगळी काढा. थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. ५व्या शतकातच सरळ लिहून ठेवलंय की भाषण शब्दन् शब्द लक्षात राहत नाही, म्हणून मूळ आशय धरून त्या प्रसंगाला जे शोभेल ते मी बोलायला लावलंय. तेव्हा ही लबाडी नव्हती हो, रीतच होती. म्हणून ७व्या अध्यायातलं पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याचं लांबलचक भाषण किंवा गावोगाव ख्रिस्ती धर्म सांगत फिरणाऱ्या पौलाचं अथेन्समधलं, लूकची लेखणी गृहीत धरूनच वाचायचं. ५व्या अध्यायात गमलियेल हा यहुदी धर्मगुरू थुदासच्या बंडाचा दाखला देतो आणि त्याच्यानंतर गालीली यहूदा उठला म्हणतो, पण जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराच्या हिशोबाने यहूदा इ.स. ६ चा आणि थुदास ४४ नंतरचा, म्हणजे गमलियेल बोलला तेव्हा, इ.स. ३० च्या दशकात, थुदासचं बंड झालंच नव्हतं! हा थुदास वेगळाच असेल असंही काही जण म्हणतात, मला ते ओढूनताणून वाटतं.

पुढची पायरी सगळ्यात मजेची, नव्या करारातच असलेली पौलाची पत्रं शेजारी उघडून ठेवा. दिमिष्कातून (दमास्कसमधून) तो पाटीत बसून गावकुसावरून खाली उतरला हे दोन्हीकडे आहे, पण मागावर कोण? कृत्ये ९ म्हणतं यहुदी, पौल स्वतः (करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र, अध्याय ११) म्हणतो अरीतास राजाचा अधिकारी. अशा वेळी वजन पौलाला द्या, पाटीत तोच होता ना. अर्थात तोही तावातावाने लिहिणारा माणूस, गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तर 'देवासमक्ष सांगतो, खोटं बोलत नाही' असं लिहितो, तेव्हा त्यालाही सूट नाही.

पण एवढ्यावरून लूकला मोडीत काढू नका. करिंथमध्ये पौल ज्या गल्लियो या रोमी सुभेदारापुढे उभा राहतो त्याचं नाव डेल्फीच्या शिलालेखात सापडलंय, साधारण इ.स. ५१-५२.

शेवटी २१ ते २३ अध्याय एका बैठकीत वाचा. लुसिया हा रोमी सरदार पौलाला फटक्यांसाठी बांधायला लावतो, तो रोमी नागरिक आहे कळल्यावर टरकतो आणि वरिष्ठांना पत्रात लिहितो की रोमी आहे असं कळलं म्हणून मी याला सोडवलं. ते पत्र लूकच्या हाती लागलं की त्यानेच लिहिलं माहीत नाही, पण साहेबाला रिपोर्ट कसा पाठवायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं.