रोटेशनचा डेरिव्हेटिव्ह कसा काढायचा: मागावरच्या कॅमेऱ्याचं गणित

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझ्या विद्यार्थ्यांनी चादरीच्या मागावर कॅमेरा टांगलाय. कापडातले दोष पकडायचे, हा हेतू. कॅमेरा कुठे आहे हे टेप लावून मोजता येतं. तो किती आणि कुठल्या बाजूला कललाय, हे मात्र नक्षीच्या कोपऱ्यांवरून गणितानेच काढावं लागतं. कल थोडा बदलला तर कोपरा किती सरकेल (हाच डेरिव्हेटिव्ह), हा त्यातला कळीचा प्रश्न, आणि इथेच बहुतेक मुलं अडतात. मी सोलापुरात संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या मुलांना हे शिकवते. फळ्यावर ज्या क्रमाने सांगते, त्याच क्रमाने इथे मांडते.

आधी हातात कंपासपेटी घ्या. झाकण वर करून टेबलावर ठेवा. डावी-उजवीकडे जाणारी रेघ हा एक अक्ष, सरळ वर जाणारी रेघ हा दुसरा. पहिल्या अक्षाभोवती पेटी ९० अंश अशी फिरवा की झाकण तुमच्याकडे तोंड करेल. मग उभ्या अक्षाभोवती, वरून बघताना घड्याळाच्या उलट, ९० अंश फिरवा. झाकण उजवीकडे गेलं. आता पेटी परत पहिल्यासारखी ठेवा आणि क्रम उलटा करा: आधी उभा अक्ष, मग आडवा. झाकण तुमच्याकडे आलं! तीच दोन रोटेशन, निकाल वेगळा. बेरजेत क्रम बदलून काही बिघडत नाही, इथे बिघडतं. म्हणून रोटेशनची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा.

बेरीज केली तर काय होतं तेही बघा. ‘काहीच न फिरवणं’ आणि ‘उभ्या अक्षाभोवती १८० अंश’ या दोन रोटेशनच्या मॅट्रिक्सची, म्हणजे ३×३ आकड्यांच्या चौकटींची, सरासरी काढा. कर्णावर ०, ०, १ उरतात. म्हणजे अख्खी पेटी चेपून एका उभ्या रेघेवर आली. हे रोटेशनच नव्हे.

आता तोच खेळ एकेक अंशाने खेळा. क्रम बदलल्याने पडणारा फरक सुमारे ०.०१७ अंश इतकाच असतो, आणि तो तिसऱ्या अक्षाभोवतीच्या फिरण्याच्या रूपात दिसतो. कोन जितके लहान, तितकं रोटेशन साध्या बेरजेसारखं वागतं. नॉर्वेचे गणिती सोफस ली (१८४२–१८९९) यांच्या नावाने रोटेशनसारख्या सलग बदलणाऱ्या क्रियांच्या समूहांना ली ग्रुप म्हणतात; त्यांचं मर्म मला इथेच दिसतं. ग्रुप वाकडा आहे, पण ‘काहीच न फिरवलेल्या’ जागेपाशी त्याला टेकलेली एक सपाट जागा आहे. तिथे बेरीज चालते, म्हणून डेरिव्हेटिव्हही चालतो. त्या सपाट जागेला ली अल्जेब्रा म्हणतात.

ती जागा केवढी? रोटेशनच्या मॅट्रिक्सला फ म्हणू. तिचा ट्रान्सपोज (ओळींच्या जागी रकाने) गुणिले ती स्वतः बरोबर एकक मॅट्रिक्स (कर्णावर १, बाकी शून्य). नऊ आकडे, सहा अटी, उरले तीन. याच समीकरणाचा डेरिव्हेटिव्ह घेतला की दिसतं: फ चा ट्रान्सपोज गुणिले फ च्या बदलाचा वेग, ही मॅट्रिक्स विषम-सममित असते. कर्णावर शून्यं, बाकी आकडे चिन्ह बदलून समोरासमोर. (अ, ब, क) या तीन आकड्यांपासून तिच्या ओळी अशा बनतात: (०, −क, ब), (क, ०, −अ), (−ब, अ, ०). तिला चौकटी कंसात [ ] लिहू. तिने एखाद्या व्हेक्टरला गुणलं की (अ, ब, क) चा त्याच्याशी क्रॉस प्रॉडक्ट (×) मिळतो.

आता खरं काम. कॅमेऱ्याच्या हिशेबाने कोपऱ्याची दिशा प, मागाच्या हिशेबाने फप. कॅमेरा स्वतःच्या अक्षांभोवती द (तीन अक्षांभोवतीचे तीन छोटे कोन) इतका, अगदी किंचित फिरवला, तर प च्या जागी प + द×प येतं. म्हणजे बदल फ(द×प). क्रॉस प्रॉडक्टचा क्रम उलटवला की तोच −फ(प×द) होतो. म्हणून डेरिव्हेटिव्ह = −फ[प]. तीन ओळी, तीन रकाने, झालं.

हे हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. प = (१, ०, ०) घ्या आणि फ म्हणजे तिसऱ्या अक्षाभोवती ९० अंश. रकाने येतील (०, ०, ०), (०, ०, −१), (−१, ०, ०). पहिला रकाना शून्य का? दिशा ज्या अक्षावर आहे त्याच अक्षाभोवती फिरवलं तर ती हलणारच नाही. म्हणून एका कोपऱ्यावरून कॅमेऱ्याचा कल कधीच पूर्ण कळत नाही; वेगळ्या दिशांचे निदान दोन कोपरे लागतात. तेवढ्यासाठी मला हा शून्य रकाना फार आवडतो.

किंचित फिरवणं मागाच्या अक्षांभोवती धरलं, म्हणजे द डावीकडून गुणला, तर उत्तर −[फप] येतं. याच उदाहरणात रकाने (०, ०, १), (०, ०, ०), (−१, ०, ०) होतात. दोन्ही बरोबर, पण एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही मिसळले तर उत्तर हमखास चुकतं. कुठली बाजू धरली ते कोडच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवा.

मुलं विचारतात, “मॅडम, सरळ तीन कोन घेऊन त्यांचा डेरिव्हेटिव्ह काढला तर?” हे कोन म्हणजे डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली कलणं आणि स्वतःच्या नजरेच्या रेषेभोवती फिरणं. आडवा बघणारा कॅमेरा शून्य धरला, तर आपला मागावरचा कॅमेरा सरळ खाली, म्हणजे मधला कोन ९० अंशांवर. तिथे पहिला आणि तिसरा कोन एकच काम करतात, एक दिशा हातातून जाते आणि समीकरण सुटत नाही. नेमकं आपल्याला हवं तिथेच.

सपाट जागेवरून परत रोटेशनवर यायला १८४० साली फ्रेंच गणिती ओलिंद रॉड्रिग्जने दिलेलं सूत्र वापरा. द ची लांबी θ, दिशा एकक व्हेक्टर न: एकक मॅट्रिक्स + साइन θ गुणिले [न] + (१ − कोसाइन θ) गुणिले [न] चा वर्ग. θ शून्याजवळ असेल तर न काढताना शून्याने भागाकार होतो. तिथे एकक मॅट्रिक्स + [द] + [द] च्या वर्गाचा निम्मा भाग, एवढं पुरतं.

मग फेरा असा: प्रत्येक कोपऱ्याची मागाच्या हिशेबाने मोजलेली दिशा वजा फप, ही चूक काढा. सगळ्या कोपऱ्यांचे −फ[प] एकाखाली एक रचा. लीस्ट स्क्वेअरने (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करणाऱ्या रीतीने) द काढा. अज्ञातं तीनच असल्याने शेवटी ३×३ चं समीकरण सोडवायचं असतं. त्या द पासून सूत्राने छोटं रोटेशन बनवा, फ ला उजवीकडून गुणा, आणि नवीन फ घेऊन पुन्हा सुरुवात करा. द ची लांबी ठरवलेल्या मर्यादेखाली गेली की थांबा. बरेच गुणाकार झाल्यावर फ चे रकाने परस्परांना काटकोनात आणि एकक लांबीचे आहेत ना, ते तपासा. आकडेमोडीतल्या बारीक चुका तिथे साचतात.