घरगुती वेव्हटेबल सिंथ: आवाज नेमका कुठे बिघडतो? या चुका टाळा

घरी बांधलेला वेव्हटेबल सिंथ (साठवलेल्या लहरींच्या टेबलातून सूर काढणारं वाद्य) नीट वाजेना की पहिला संशय सोल्डरिंगवर जातो. मल्टीमीटर बाहेर निघतो, तारा बदलल्या जातात, आणि दोष बहुतेक वेळा टेबलात किंवा हिशेबात निघतो. म्हणून आधी कान लावा. सूर बदलला की बदलणारा बिघाड जवळजवळ नेहमी कोडमधला असतो. काहीही न वाजवता ऐकू येणारा बिघाड वायरिंगचा किंवा सप्लायचा.

वरच्या सप्तकात भलतेच सूर

सगळ्यात जास्त सिंथ इथेच फसतात. २०४८ सॅम्पलच्या (लहरीच्या एकेका क्षणाच्या आकड्यांच्या) टेबलात हजारभर हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, मावतात आणि तेच एक टेबल पूर्ण कीबोर्डला लावलं जातं. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही उमटत नाही, ते उलटं फिरून खाली येतं. सातव्या सप्तकातला ई घ्या, २६३७ हर्ट्झ. त्याचा १८ वा हार्मोनिक ४७४६६ हर्ट्झवर पडतो आणि ऐकू येतो ५३४ हर्ट्झवर, म्हणजे वाजवलेल्या सुराच्या दोन सप्तकांहून खाली. पिच बेंड वर नेला की हा उपरा सूर खाली घसरतो. एलियसिंग, म्हणजे हे उलटं फिरणं, ओळखायची ही पक्की खूण.

आउटपुटला फिल्टर लावून काही साधत नाही. तोवर तो सूर खऱ्या सुरांत मिसळलेला असतो. प्रत्येक सप्तकासाठी वेगळं टेबल करा. मूळ फ्रेमचा (टेबलातल्या एका आवर्तनाचा) एफएफटी घ्या, म्हणजे लहर हार्मोनिकमध्ये सुटी करा, २४००० भागिले त्या सप्तकातला सर्वांत वरचा सूर इतकेच हार्मोनिक ठेवा, बाकीचे शून्य करा आणि उलटा एफएफटी घ्या. जुन्या पीपीजी वेव्ह या सिंथचा खरखरीतपणा हवा असेल तर एक टेबल मुद्दाम तसंच ठेवा, पण तो पर्याय म्हणून.

आता मेमरी. ६४ फ्रेम, १० सप्तकं, २०४८ सॅम्पल आणि प्रत्येकी २ बाइट म्हणजे २६ लाख बाइट. अशा सिंथमध्ये वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय पिको या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची फ्लॅश २ एमबी आणि रॅम २६४ केबी, तेव्हा हे बसणार नाही. वरच्या सप्तकांत हार्मोनिक थोडेच उरतात, तिथे २५६ सॅम्पल पुरतात. फ्रेम १६ केल्या आणि मध्ये क्रॉसफेड (एकीतून दुसरीत हळूहळू जाणं) ठेवला तरी फरक क्वचितच कळतो.

खालचे सूर बेसूर

फेज, म्हणजे आवर्तनातली जागा, मोजायला १६ बिटचा काउंटर घेतला तर ४८ किलोहर्ट्झला एक पायरी ०.७३ हर्ट्झची होते. ५५ हर्ट्झच्या ए ला एका सेमीटोनचं अंतरच ३.३ हर्ट्झ आहे, म्हणजे चूक कानाला सहज कळते. ३२ बिट घ्या. प्रत्येक सॅम्पलला काउंटरची वाढ = वारंवारता × २ चा ३२ वा घात ÷ सॅम्पल रेट; ४४० हर्ट्झला ती सुमारे ३,९३,७०,५३४ येते. २०४८ च्या टेबलासाठी वरचे ११ बिट जागा सांगतात, उरलेले २१ बिट इंटरपोलेशनला, म्हणजे दोन सॅम्पलमधली किंमत काढायला. टेबलाच्या शेवटी पहिलं सॅम्पल पुन्हा लिहून ठेवायला विसरू नका. नाहीतर शेवटच्या सॅम्पलचं इंटरपोलेशन शेजारच्या मेमरीतल्या कचऱ्याशी होतं आणि प्रत्येक आवर्तनाला एक बारीक टोचणी ऐकू येते.

मॉर्फ करताना आवाज मध्येच पोकळ

मॉर्फ म्हणजे एका फ्रेमवरून दुसरीवर सरकणं. दोन फ्रेममधला पहिला हार्मोनिक उलट फेजमध्ये असेल तर अर्ध्या वाटेवर तो स्वतःलाच खोडतो. टेबल तयार करतानाच सगळ्या फ्रेमच्या पहिल्या हार्मोनिकचा फेज एकसारखा करा आणि डीसी (लहरीची सरासरी) शून्य करा. डीसी राहिला तर नोट सुरू होताना ‘टक्’ वाजते आणि दोष एन्व्हलपला (नोटेचा चढ-उतार ठरवणाऱ्या भागाला) दिला जातो.

खरखर आणि तुटक आवाज

एक नोट स्वच्छ आणि चार नोटा दाबल्या की फाटल्यासारखा आवाज, तर बेरीज १६ बिटमध्ये होते आहे. एकाच वेळी वाजणारे आठ आवाज ३२ बिटमध्ये मिळवा, ८ ने भागा आणि शेवटी मर्यादेवर थांबवा. आकडा उलटून ऋण होऊ देऊ नका.

ठरावीक अंतराने तुटत असेल तर डिस्प्ले बघा. १२८ × ६४ च्या ओलेडचा पूर्ण पडदा ४०० किलोहर्ट्झ आयस्क्वेअरसी या दोन तारांच्या जोडणीवर पाठवायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. ६४ सॅम्पलचा बफर संपतो १.३ मिलिसेकंदांत. डिस्प्ले दुसऱ्या कोरवर टाका, किंवा पडदा तुकड्यातुकड्याने पाठवा. प्रीसेट सेव्ह करतानाच अडखळत असेल तर कारण वेगळं: पिकोवर फ्लॅशमध्ये लिहिणं चालू असताना फ्लॅशमधला कोड चालत नाही. ऑडिओचा कोड आणि त्या वेळी वाजणारी टेबलं रॅममध्ये हवीत.

नोट अडकून राहते? वेलॉसिटी (दाबण्याचा जोर) ० असलेला नोट ऑन म्हणजे नोट ऑफ, हे मिडी (कीबोर्डचे संदेश) वाचणाऱ्या कोडमध्ये बहुधा राहून गेलेलं असतं.

काही न वाजवता ऐकू येणारे आवाज, किंवा पूर्ण शांतता

पीसीएम५१०२ए डॅक बोर्ड (आकड्यांचा आवाज करणारा) गप्प असेल तर आधी एससीके (क्लॉक) पिन ग्राउंडला जोडली आहे का ते तपासा. मोकळी सोडली तर भरवसा नाही. मागचे चार सोल्डर जंपर बरेचदा जोडलेलेच नसतात: १, २ आणि ४ खाली म्हणजे एल कडे, ३ मात्र वर, एच कडे. तिसरा चुकला की डॅक म्यूट राहतो.

यूएसबीवर एक किलोहर्ट्झच्या आसपास बारीक शिट्टी येत असेल तर संगणकाची केबल काढून पॉवर बँकेवर लावून बघा. शिट्टी थांबली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या दोन वाटांमुळे येणारा गोंगाट. पिकोवर जीपीआयओ २३ ही पिन हाय केल्यास रेग्युलेटरची खरखरही कमी होते.

दुसऱ्याला देताना

वेव्ह (.wav) फाइलचा हेडर ४४ बाइटचाच असतो असं धरू नका. अनेक एडिटर मध्ये जादा माहिती भरतात, ती सॅम्पल म्हणून वाचली की पहिली फ्रेम किर्र करते. ‘डेटा’चा भाग शोधूनच पुढे वाचा. आलेली फाइल २०४८ च्या फ्रेमचीच असेल असंही नाही. ६०० सॅम्पलच्या एकेका आवर्तनाच्या फाइली भरपूर फिरतात, त्या २०४८ ने कापल्या की सूर आणि जोड दोन्ही चुकतात. प्रीसेटच्या पहिल्या बाइटमध्ये आवृत्ती क्रमांक टाका, नाहीतर पुढच्या फर्मवेअरला जुने प्रीसेट उघडता येणार नाहीत.

पार्ट्सच्या यादीत ‘१० के पॉट’ एवढंच लिहून भागत नाही. लिनियर की लॉग, शाफ्टची लांबी, पिनांचं अंतर हेही लिहा. कोडबरोबर पिकोवर थेट टाकता येणारी तयार यूएफ२ फाइल आणि वापरलेल्या लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या द्या. परवाना न लिहिता टाकलेला कोड कुणी बदलून पुढे देऊ शकत नाही, तेव्हा कोडला एमआयटी किंवा जीपीएल, बोर्डाला सर्न ओएचएल, टेबलांना सीसी० असं स्पष्ट नोंदवा. एखादी लायब्ररी जीपीएल असेल तर वाटलेलं अख्खं फर्मवेअर जीपीएलखाली येतं. विकत घेतलेल्या सिंथमधून काढलेली टेबलं मात्र त्या पॅकमध्ये घालू नका, एफएफटीने बदललेली असली तरी.