कावळ्याची बाजू: खलनायकाच्या तोंडून गोष्ट कशी सांगावी

कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं आणि कावळा चिऊताईच्या दारात येऊन उभा राहिला. घास भरवताना ही गोष्ट ऐकलेल्या प्रत्येकाला कावळा तेव्हापासून लबाड वाटतो. गोष्टीत त्याने केलं काय, ते मात्र एकदा बघा. घर गेलं, थंडीने कुडकुडला, दार वाजवलं. बस्स.

अशा पात्राला बोलतं करणं हा मोठा मजेदार उद्योग आहे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, वाचनालयाचा बालविभाग असो की सुट्टीत गच्चीवर जमलेली भाचरं, कुठेही चालतो. बिघडतो तो एका ठरावीक जागी. लिहिणारा खलनायकावर इतका खूश होतो की घटनाच बदलून टाकतो. लांडग्याने आजीला खाल्लंच नव्हतं, वाघ तर शाकाहारी होता, वगैरे. मग मुलंच म्हणतात, "ए, असं नाहीये ते!" आणि मुलांचं बरोबर असतं. घटनेला हात लावायचा नाही, तरी गोष्ट उलटी करून दाखवायची, अशी ही करामत आहे.

1. आधी आरोपी निवडा

ज्याचा गुन्हा लहान आणि बदनामी मोठी, तो पहिल्या खेपेला उत्तम. कावळा, द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा, 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'मधला वाघ हे तिघे सरावाला पुरेसे आहेत. जो पोरांना छळतो आणि त्यात त्याला मजा येते, त्याला सध्या सोडा. तिथे नुसतं कारण सांगून भागत नाही आणि नवखा लेखक समर्थन करत बसतो.

नाशिककरांना इथे एक नाव लगेच सुचतं, शूर्पणखा. तिच्याकडे शेवटी येऊ. सुरुवात तिच्यापासून करू नका.

2. मूळ गोष्ट कोरडी लिहून काढा

विशेषणं न लावता, पंचनाम्यासारखी. 'दुष्ट', 'लबाड', 'बिचारी' हे शब्द गाळायचे. भोपळ्याच्या गोष्टीचा पंचनामा असा होईल: म्हातारी लेकीकडे निघाली. वाटेत वाघ भेटला, खातो म्हणाला. ती म्हणाली, लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग खा. वाघाने जाऊ दिलं. ती भोपळ्यात बसून परतली. वाघाने विचारलं, भोपळ्यातून आवाज आला, "म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक." भोपळा पुढे गेला.

विशेषणं गेल्यावर काय उरलं? या गोष्टीत दिलेला शब्द पाळणारा एकच आहे, तो वाघ. भूक लागलेली असताना समोरचं जेवण त्याने एका वायद्यावर सोडून दिलं आणि त्याच वाटेवर थांबून राहिला. तुमची नवी गोष्ट इथून सुरू होते.

लोककथा असेल तर कोणतं रूप धरलंय तेही इथेच ठरवून टाका. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत काही घरांत चिऊताई शेवटी दार उघडते, काही घरांत ती कावळ्याला तापल्या तव्यावर बसायला सांगते. परदेशी गोष्टींचंही तेच. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट शार्ल पेरोने 1697 मध्ये छापली तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. पोट फाडून सोडवणारा शिकारी येतो तो 1812 च्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात. एक रूप घ्या आणि त्याला चिकटून राहा. सोयीप्रमाणे दोन्हीकडचं उचललंत की ऐकणारा पकडतो.

3. त्याच्या धंद्याची खरी माहिती काढा

बहुतेक जण ही पायरी गाळतात. गंमत खरी इथेच सापडते, म्हणून जरा थांबून कोल्ह्याचं उदाहरण घेऊ.

कोल्ह्याने उड्या मारल्या, द्राक्षं मिळाली नाहीत, तो "आंबट आहेत" म्हणून निघून गेला. सगळे त्याला हसले. आता हाच कोल्हा निफाड किंवा दिंडोरीच्या बागेत आणून सोडा आणि एखाद्या बागायतदाराला दोन प्रश्न विचारा. नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल काढणीला येतो. मधल्या काळात मणी हिरवे, टणक आणि कडक आंबट असतात. मग मण्यांत 'पाणी उतरतं', मणी मऊ पडतात, साखर भरू लागते. साखर 16 ते 18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) पोचल्याशिवाय निर्यातीच्या मालाला कोणी हात लावत नाही.

म्हणजे ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत कोल्हा डिसेंबरच्या सुरुवातीला शिरला असेल, तर द्राक्षं आंबटच होती! त्याचं निदान बिनचूक होतं. हसणाऱ्यांनी तारीख विचारली नाही, एवढंच.

आणखी खोदा. मांडवाची उंची सहा-सात फूट, कोल्हा खांद्याशी जेमतेम दीड फूट. घडांना उन्हाचा आणि थंडीचा त्रास होऊ नये म्हणून शेतकरी वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात, तेव्हा कोल्ह्याला खालून द्राक्षं दिसतात की कालच्या बातम्या, हाही प्रश्नच. पानांवर फवारणीचे पांढरे डाग. कोल्हा फळं खातो हे खरं आहे, बोरं तर आवडीने, त्यामुळे बागेत येण्यालाही कारण आहे. एवढं हाती आल्यावर कोल्ह्याला तुम्हाला काही वेगळं सुचवावं लागत नाही. तो स्वतःच म्हणतो, "चाखून बघितल्याशिवाय मत देऊ नये हे मला मान्य आहे. पण डिसेंबरात चाखायची गरज कोणाला आहे?"

कावळ्याचंही असंच. कावळ्याचं खरं घरटं काटक्यांचं, शहरात तर तारांचं. त्यात कोकिळा अंडी घालून जाते आणि तिची पिल्लं कावळाच वाढवतो. ज्याच्यावर 'दुसऱ्याच्या घरात शिरू बघतो' असा आळ आहे, त्याच्याच घरात हे चाललेलं असतं. मग एकदा नाशिकला गोदावरीकाठच्या रामकुंडावर जाऊन बघा. दहाव्याचा पिंड ठेवलेला, घरातली मंडळी हात जोडून मागे सरकलेली. कावळा बाजूला बसलेला, शिवत नाही. कोणीतरी पुढे होऊन म्हणतं, "आईचं सगळं नीट करू, धाकट्याकडे लक्ष देऊ." तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवतात. एरवी खिडकीतून हुसकावला जाणारा पक्षी तिथे पाहुण्यासारखा ताटकळवतो. चिमणीच्या दाराशी ताटकळलेल्या कावळ्याला हे माहीत असेल का? असलं तर तो काय बोलेल?

4. गोष्टीला पत्ता द्या आणि त्याला आवाज द्या

'एका जंगलात' म्हटलं की काहीही चालतं, म्हणून काहीच खरं वाटत नाही. गोदाघाट म्हटलं की नाशिकच्या मुलाला पूर किती आला हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. हीच फूटपट्टी गोष्टीत वापरा. आवाजाचं म्हणाल, तर खलनायकाला वकील करू नका. तक्रार करणारा शेजारी करा, म्हणजे तो आपोआप विनोदी होतो. नमुना:

"त्या रात्री गंगापूर धरणातून पाणी सोडलं. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं, आणि माझं घर त्याच्याही खाली. शेणाचं घर म्हणून नाक मुरडू नका. तुमची आजी अंगण कशाने सारवायची? उन्हाळाभर असं गार राहायचं! मेणाच्या घराचं वैशाखात काय होतं, ते गोष्टीत कोणी सांगत नाही. असो. पहिल्यांदा दार वाजवलं, तर म्हणाली, बाळाला न्हाऊ घालते. बरोबर आहे, बाळ आधी. दुसऱ्यांदा म्हणाली, अंग पुसते. तिसऱ्यांदा, तीट लावते. मी पंख झटकत उभा. मोठ्याने हाक मारावी म्हटलं, पण माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. मी 'जरा आत घेता का' म्हटलं तरी लोकांना भांडण काढल्यासारखं वाटतं."

यात मूळ गोष्टीतली एकही घटना हललेली नाही. दार बंदच आहे. थोडी आजची भरही चालते. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिवस 2010 मध्ये सुरू झाला आणि त्यामागे नाशिकचेच मोहम्मद दिलावर होते, हे कावळ्याला कळलं तर तो गप्प बसेल असं वाटत नाही.

5. त्याची एक खोड राहू द्या, आणि समोरच्याला काळं फासू नका

कावळा एकदम संत झाला तर गोष्ट मेली. तो थोडा आगाऊ असावा, चिऊताईच्या खिरीवर त्याचा डोळा असावाच. आणि चिऊताई? घरात ओलं बाळ, बाहेर रात्र, दारात मोठ्या चोचीचा पक्षी. तिने कडी काढली नाही यात तिचं काय चुकलं? दोघंही बरोबर असताना एक जण भिजत राहतो, इतकं कळलं तरी मुलं गप्प होऊन ऐकतात. खलनायक पांढरा करण्यासाठी नायक काळा केलात, तर तुम्ही फक्त पाट्या बदलल्या.

वाघाच्या बाबतीत आपल्याकडे जास्त जपून. सिन्नर-निफाडच्या उसात बिबट्या पिल्लं वाढवतो. तिथल्या वस्तीवरच्या मुलाला अंधारात एकटं उसाकडे जायचं नाही, हे बजावलेलं असतं. त्याच्यासमोर वाघाला गोंडस, मिठी मारण्याजोगा करून ठेवू नका. वाघाला भूक असावी, शब्द पाळण्याची ऐट असावी आणि तरी त्याची भीती वाटावी. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस करतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. गुरं उचलणारं जनावरच ते, पण त्याच्याशी बोलणं चालू ठेवलेलं आहे. सूर पकडायचा तर तो पकडा.

6. आता शूर्पणखा

तपोवन, सीतागुंफा, पंचवटी हे सगळं पायाखालचं असल्याने मोह होतोच. लिहा, पण मुलं दहा-बारा वर्षांची तरी असू देत आणि आधी वाल्मीकी रामायणाचं अरण्यकांड स्वतः वाचा. राम आणि लक्ष्मण तिची थट्टा करतात, एकमेकांकडे पाठवतात, हे तिथेच आहे. ती चिडून सीतेवर धावून जाते हेही तिथेच आहे, आणि ते गाळायचं नाही. मग उत्तरकांड उघडा. तिचा नवरा विद्युज्जिव्ह युद्धात रावणाच्याच हातून मेला आणि रावणाने तिला खर या राक्षसाबरोबर दंडकारण्यात पाठवून दिलं. पंचवटीत आलेली ही बाई विधवा आहे आणि तिला विधवा करणारा तिचा सख्खा भाऊ आहे. रामाविरुद्ध अवाक्षर न काढता तिची गोष्ट उभी राहते, कारण तिचा खरा हिशेब लंकेत आहे. पुढे ती रावणाकडे जाऊन सीतेच्या रूपाचं वर्णन करते, ते कशासाठी, हा प्रश्न तिच्या तोंडून येऊ द्या. उत्तर देऊ नका.

7. वाचून दाखवताना

मूळ गोष्ट आधी सांगा, त्याच बैठकीत. हल्ली सगळ्या मुलांना चिऊताई ठाऊक असेलच असं नाही आणि मूळ माहीत नसेल तर उलटी केलेली गोष्ट नुसतीच विचित्र वाटते. पाच-सहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. ठेक्याची ओळ, म्हणजे 'चिऊताई चिऊताई दार उघड', शब्द न बदलता ठेवा. तिथे मुलं आपसूक साथ देतात. फक्त या वेळी ती ओळ भिजलेल्या आवाजात म्हणायची. मध्येच कोणी "कावळा खोटं बोलतोय" म्हणालं, तर गोष्ट थांबवा आणि कुठे खोटं बोलला ते त्यालाच दाखवायला सांगा. त्याने दाखवलं, तर घरी येऊन ते वाक्य दुरुस्त करा.