‘काही दिसलं नाही’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

रत्नागिरीत आमच्या प्रयोगशाळेत आम्ही पडद्यावर क्षणभर शब्द चमकवतो आणि पाहणाऱ्याला त्याचं भान होतं का ते तपासतो. पावसाळ्यात पहिलं काम इन्व्हर्टर तपासायचं, दुसरं पडदा. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल तर एक फ्रेम (एक चित्र) १६.७ मिलिसेकंदांची, तेव्हा ‘शब्द १० मिलिसेकंद दाखवला’ असं ठोकून देऊ नका.

मुलं म्हणतात, “सर, काहीच दिसलं नाही.” त्यावर विसंबायचं नाही. प्रत्येक फेरीत ‘शब्द होता का?’ विचारा आणि डी-प्राइम काढा, म्हणजे शब्द असणं-नसणं किती ओळखता येतं याचा आकडा; शून्य म्हणजे निव्वळ अंदाज. समजा, शब्द असताना ‘होता’ म्हटल्याचं प्रमाण ०.६९, नसताना ०.३१. दोन्हींचे झेड (घंटेच्या आकाराच्या वक्रावर त्या प्रमाणाची जागा) काढून वजाबाकी केली की जवळपास १ येतो. म्हणजे पठ्ठ्याला बरंच दिसतंय!

फेऱ्या ४० च? मग निव्वळ अंदाजपंचे उत्तरांतही बरोबर उत्तरांची टक्केवारी सुमारे ८ च्या प्रमाण विचलनाने (सरासरीच्या आसपासच्या नेहमीच्या चढउताराने) हलते. ४०० घ्या, ते २.५ वर येतं. मुलं कंटाळतात, मी मधे कोकम सरबत देतो.

मी एकदा डी-प्राइम शून्याजवळ असलेले तेवढेच निवडून ‘यांना भान नव्हतं’ लिहून मोकळा झालो. त्यातले काही नशिबानेच तिथे होते. पुन्हा मोजल्यावर वर सरकले. म्हणून निवड अर्ध्या फेऱ्यांवर करा, डी-प्राइम उरलेल्या अर्ध्यांवर मोजा. आणि पी (भान नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर गेला म्हणून भान शून्य ठरत नाही. त्यासाठी बेझ फॅक्टर काढा, म्हणजे ‘भान नाही’ आणि ‘भान आहे’ यांपैकी आकडे कुणाच्या बाजूने किती पट झुकतात ते कळतं.