स्टेडियममधला खाद्यस्टॉल: गेट उघडण्यापूर्वी काय काय उरकायचं

हॉटेलात गर्दी हळूहळू चढते आणि हळूहळू ओसरते. स्टेडियममधल्या स्टॉलवर तसं नसतं. बराच वेळ तुरळक गिऱ्हाईक, आणि मध्यंतराची शिट्टी झाली की काउंटरवर एकदम झुंबड. फुटबॉलमध्ये ही झुंबड जेमतेम १५ मिनिटांची. तेवढ्या वेळात सगळं ताजं शिजवणं शक्य नसतं, म्हणून माल आधी तयार करून ठेवावा लागतो. स्टॉलवरचे बहुतेक धोके या ‘आधी करून ठेवलेल्या’ मालातच असतात. शिवाय त्या पंधरा मिनिटांत कुणी थर्मामीटर शोधायला जाणार नाही की ब्लीच मोजणार नाही. जे करायचं ते गेट उघडण्याआधीच करावं लागतं.

आदला दिवस

दोन सामन्यांच्या मध्ये स्टॉल बंद असतो आणि फ्रिजही बहुधा बंद असतात. ते सामन्याच्या सकाळी चालू करून लगेच माल भरणं ही नेहमीची चूक. फ्रिज आदल्या दिवशीच चालू करा, आतलं तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली स्थिरावलं की मगच माल ठेवा, आणि तोही आधीच गार असलेला. हे फ्रिज गार वस्तू गार ठेवण्यासाठी असतात. कोमट पेयांची खोकी आणि मांसाचे ट्रे एकत्र कोंबले तर सगळ्यांचंच तापमान वर जातं. आतला थर्मामीटर दाराजवळच्या वरच्या कप्प्यात ठेवा, कारण ती जागा सहसा सर्वांत उबदार असते. तिथे ५ दिसत असतील तर बाकीची काळजी नको.

गोठवलेल्या बर्गर पॅटी आणि सॉसेज फ्रिजमध्येच वितळू द्या, सर्वांत खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या ट्रेमध्ये. बंद खोकं तसंच ठेवलं तर चोवीस तासांनंतरही मधला गठ्ठा दगडासारखा राहतो. खोकं उघडून पाकिटं सुटी मांडा. ‘वेळ नाही’ म्हणून माल ओट्यावर काढून ठेवला तर बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला येतो, जिवाणू वाढू लागतात आणि आत बर्फ तसाच. असा अर्धवट गोठलेला माल ग्रिलवर गेला की बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो.

बरेच दिवस न वापरलेले नळ काही मिनिटं पूर्ण सोडून द्या. बर्फाच्या मशीनचा आणि पेयांच्या नळ्यांचा पहिला माल फेकून द्या. कोपऱ्यांत उंदरांच्या लेंड्या आहेत का, पिठाच्या किंवा पॉपकॉर्नच्या पोत्यांना भोकं पडलीत का, तेही बघा. प्रेक्षागृहात सांडलेल्या खाऊवर उंदीर पोसले जातात, आणि सामना नसतो तेव्हा ते स्टॉलकडे वळतात.

थर्मामीटर

प्रत्येक स्टॉलवर टोकदार प्रोबचा, म्हणजे पदार्थात खुपसायच्या सळईचा, एक थर्मामीटर हवाच. लेसरसारखी ‘गन’ फक्त पृष्ठभाग सांगते. पॅटीच्या पोटात काय चाललंय ते तिला कळत नाही.

सामन्याच्या दिवशी तो आधी तपासून घ्या. पेला बारीक बर्फाने गच्च भरा, बर्फ जेमतेम बुडेल एवढं पाणी घाला, ढवळा. प्रोब मधोमध धरा, काचेला टेकू देऊ नका, अर्धा मिनिट थांबा. ० अंश दिसले पाहिजेत. एखादा अंश इकडेतिकडे चालेल. उकळत्या पाण्यानेही तपासता येतं, पण समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, त्यामुळे बर्फाची रीत जास्त भरवशाची.

लक्षात ठेवायचे आकडे मोजके आहेत. चिकन आणि इतर पक्ष्यांचं मांस ७४ अंश, खिम्याची पॅटी ७१, पुन्हा गरम केलेला कुठलाही पदार्थ ७४. पॅटीत प्रोब वरून नाही, कडेकडून आडवा मध्यापर्यंत घाला. खिम्यासाठी वेगळा नियम असण्याचं कारण साधं आहे: अख्ख्या तुकड्यावरचे जिवाणू बाहेरच्या बाजूला असतात आणि तव्यावर मरतात, पण मांस दळलं की तेच जिवाणू आतपर्यंत मिसळतात. रंगावर विसंबू नका. पॅटी आतून तपकिरी दिसूनही पुरेशी शिजलेली नसू शकते. एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना प्रोब पुसून निर्जंतुक करा, नाहीतर कच्च्यातले जंतू शिजलेल्यात नेण्याचं काम तोच करेल.

गरम ठेवणं आणि गरम करणं

या दोन गोष्टींची गल्लत सर्वांत महागात पडते. बेन-मारी (गरम पाण्यावर भांडी ठेवायचं उपकरण), हॉट बॉक्स (उष्णता धरून ठेवणारी बंद पेटी), गरम दिव्याखालचा काउंटर ही सगळी उपकरणं गरम माल गरम ठेवतात. थंड माल गरम करण्याची ताकद त्यांच्यात नसते. फ्रिजमधला चीज सॉस थेट बेन-मारीत ओतला तर तो तासन्‌तास ३० ते ५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळतो. जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं.

मांसाचे रस्से, ग्रेव्ही, चिली (खिमा-राजम्याचा दाट रस्सा) यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू विशेष त्रास देतो. शिजवण्याने तो मरतो, पण त्याचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी सुप्त रूपं, टिकतात. पदार्थ कोमट झाला की बीजाणू जागे होतात, आणि साधारण ४३ ते ४५ अंशांना ते दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. या वेगाने दोन तासांत चार हजार पट! म्हणूनच ‘सकाळी चांगलं उकळलंय’ हे दुपारी उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून क्रम असा: पदार्थ शेगडीवर किंवा ओव्हनमध्ये पूर्ण गरम करा, ७४ अंश मोजून बघा, मगच आधी तापवून ठेवलेल्या बेन-मारीत हलवा. भांड्याखालचं पाणी भांड्याच्या तळाला लागलेलं असू द्या. पाणी आटलं की उष्णता पोहोचत नाही आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. झाकण ठेवा, अर्ध्या-अर्ध्या तासाने ढवळा. मोजताना मध्यभाग आणि वरचा थर दोन्ही मोजा. ६० अंशांखाली काही जाता कामा नये. इन्सुलेटेड हॉट बॉक्स रिकामा आणि गार असेल तर तो मालाचीच उष्णता शोषून घेतो. माल भरण्याआधी त्यात उकळत्या पाण्याचा बंद डबा अर्धा तास ठेवा.

रोलर ग्रिलवरच्या सॉसेजचा गोंधळ वेगळा. विकली गेलेली जागा भरायला थंड सॉसेज जुन्या सॉसेजच्या शेजारी टाकली जातात, आणि थोड्या वेळाने कुठली तयार, कुठली कच्ची आणि कुठली तीन तासांपासून फिरतेय हे कुणालाच सांगता येत नाही. ग्रिलचे दोन भाग ठरवून घ्या: मागचे रोलर गरम करण्यासाठी, पुढचे विक्रीसाठी. ७४ अंश मोजल्याशिवाय काहीही मागून पुढे येणार नाही. कच्च्या आणि तयार मालाचे चिमटे वेगळे ठेवा, मुठीला रंगीत टेप लावली की पुरे.

पिझ्झाचे तुकडे किंवा रॅपमधले बर्गर ६० अंशांवर ठेवता येत नसतील तर घड्याळावर चालवा. गरम जागेतून बाहेर काढल्याची वेळ मार्करने आवरणावर किंवा ट्रेवर लिहा, आणि चार तास झाले की उरलेलं टाकून द्या. ते परत हॉट बॉक्समध्ये किंवा फ्रिजमध्ये जाणार नाही. तसं करून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. प्रेक्षकांमध्ये फिरून विकणाऱ्यांच्या पेट्यांनाही हाच नियम. पावसाने खेळ थांबला किंवा सामना जादा वेळेत गेला तरी चार तासांचे पाच होत नाहीत. अंदाजाने मोठा घाणा काढण्यापेक्षा अर्धा माल शिट्टीच्या वीस मिनिटं आधी आणि उरलेला गर्दी दिसेल तसा काढणं बरं. त्यात फेकावं लागणंही कमी होतं.

हात

सॅनिटायझर जेल हा हात धुण्याला पर्याय नाही. उलट्या-जुलाबांना कारण ठरणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा प्रभाव कमी पडतो. साबण, चोळणं आणि वाहतं पाणी यांनीच तो हातावरून निघतो. म्हणजे स्टॉलमध्येच हात धुण्याची जागा हवी. नळ नसेल तर वीस लिटरचा, तोटी उघडी राहील असा कॅन उंचावर ठेवा, खाली सांडपाण्याची बादली, बाजूला साबण आणि कागदी रुमाल. दाबून धरावी लागणारी तोटी नको, कारण मग एकच हात धुतला जातो. वीस सेकंद चोळायचं. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास सुटतात.

हातमोज्यांनी खोटा दिलासा मिळतो. मोजा घातलेल्या हाताने फोन, फ्रिजचं दार आणि मग पाव धरला तर मोजा नसल्यासारखंच. मोजे घालण्याआधी हात धुवा, कच्च्या मांसानंतर आणि काम बदलताना मोजे बदला. पैसे घेणारा आणि अन्न हाताळणारा माणूस वेगळा ठेवता आला तर निम्मा प्रश्न सुटतो.

अनेक स्टॉलवर एका दिवसापुरते स्वयंसेवक येतात. त्यांना लांबलचक व्याख्यान नको. प्रत्येकाला एकच जागा, एकच काम द्या आणि गेट उघडण्याआधी एकदा करून दाखवा. आणि येतानाच विचारा: उलटी, जुलाब, कावीळ, हातावर पिकलेली जखम? उलटी-जुलाब थांबून ४८ तास झालेले नसतील तर त्या माणसाला अन्नाजवळ जाऊ देऊ नका, मग माणसं कितीही कमी असोत.

ब्लीचची बादली

५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, वास नसलेलं साधं ब्लीच एक लिटर पाण्यात २ मिलिलिटर, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत २० मिलिलिटर टाकलं की सुमारे १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) क्लोरीन मिळतं. अन्न लागणाऱ्या पृष्ठभागांना एवढं पुरतं. बाटलीवर टक्केवारी वेगळी असेल तर हिशेब त्याप्रमाणे बदला, आणि क्लोरीनच्या चाचणी पट्टीने खात्री करा. पाणी थंड किंवा कोमट घ्या, गरम नको. आधी साबणाने घाण काढा, खळबळा, मग ब्लीचचं पाणी लावा आणि पुसून न टाकता वाळू द्या. ग्रीस आणि पावाचा चुरा क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून बादली गढूळ दिसली की बदला. दर दोन तासांनी तर बदलाच. जास्त ओतल्याने जास्त स्वच्छ होत नाही, उलट पृष्ठभागावर अवशेष राहतात. ब्लीच आणि ॲसिडयुक्त किंवा अमोनियायुक्त क्लीनर कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.

स्टॉलजवळ कुणी उलटी केली तर विक्री थांबवा. जवळचं उघडं अन्न टाकून द्या, हातमोजे घालून उलटी कागदी रुमालांनी उचला, पिशवी बांधा, आणि जागा कडक द्रावणाने पुसा: १००० पीपीएम किंवा अधिक, म्हणजे त्याच ब्लीचचे लिटरला किमान २० मिलिलिटर.

बर्फ आणि ॲलर्जी

बर्फ हे अन्नच आहे. ज्या बर्फात बाटल्या गार केल्या तो ग्लासात जाणार नाही. काढायला स्कूप, तोही मूठ वर ठेवून किंवा वेगळ्या भांड्यात. ग्लासाने बर्फ काढताना काच फुटली तर आख्खी पेटी रिकामी करावी लागते, कारण काच बर्फात दिसत नाही.

शेंगदाणे, दूध, गहू, सोया, अंडं, तीळ यांबद्दल गिऱ्हाइकाने विचारलं तर अंदाजाने उत्तर देऊ नका. मूळ पाकिटांची लेबलं किंवा त्यांचे फोटो काउंटरजवळ ठेवा. आणि एकाच फ्रायरमध्ये ब्रेड लावलेलं चिकन आणि फ्राइज तळत असाल, तर त्या फ्राइज गव्हापासून मुक्त नाहीत हे स्पष्ट सांगा.

शेवटच्या शिट्टीनंतर

गरम ठेवलेला उरलेला माल टाकून द्या. तो पुढच्या सामन्यासाठी नीट थंड करायचा तर ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर आणखी चार तासांत आणावा लागतो, आणि रात्री घरी निघालेल्या माणसांकडून हे होत नाही. चीज पंप पूर्ण सुटा करा. नळीतला वाळलेला थर बाहेरून दिसत नाही. पेयांचे नोझल काढून धुवा, निर्जंतुक करा. तेल गार झाल्यावर गाळा. गडद, फेसाळ किंवा लवकर धुरावणारं तेल पुढच्या सामन्याला ठेवू नका. आणि फ्रिज बंद करत असाल तर आतून पुसून कोरडा करा आणि दार फटीएवढं उघडं राहील अशी खुंटी लावा, नाहीतर पुढच्या वेळी आत बुरशी लागलेली असेल.